रोटाची वाटेकरीण

दुपारच्या सामसुमीत दाराची लोंबती कडी खुळखुळली.

तानूचा नुकताच लागलेला डोळा तेवढ्यानं उघडला. जेठ महिना संपत आला होता. शेताच्या कामानं घर थकलं होतं आणि भाकरी खाऊन जो तो सावली धरून आडवा झाला होता. सासू माजघरात, सासरा आणि नवरा खळ्यातल्या निंबाखाली, सहा वर्षांची ठगू तानूच्याच कुशीत. शेजारची लहान गोधडी मात्र रिकामी होती.

भिकन दाराशी पोचला होता. कडीला धरून उभा, पाय लटपटतायत, तोंडात लाळ. नुकतंच पाऊल टाकायला लागलेलं पोर. त्याच्याआधीचे दोन राहिले नाहीत, म्हणून हा झाला तेव्हा सासूनं त्याला सुपात घालून पाच घरी फिरवलं होतं, पदर पसरून भीक मागितली होती, आणि ती भीकच त्याच्या नावाला लावली होती. दाराबाहेर ओटा. ओट्याला उंच पायऱ्या. पायऱ्यांच्या पायथ्याशी गुरांची दगडी डोण, पाण्यानं काठोकाठ भरलेली.

तानूनं कुशीतल्या ठगूचा हात बाजूला केला. ती उठणार तेवढ्यात तिला उंबऱ्यावर आडवी पडलेली भोरी दिसली.

भिकन कुत्रीच्या पाठीवरून पलीकडे जायला बघत होता. भोरीनं पाठ जरा उंचावली, पोर घसरून आत आलं. तो डावीकडे सरकला, भोरी डावीकडे सरकली. तो उजवीकडे वळला, तीही वळली, पुढचा कामट्या बांधलेला पाय फरफटत. गुरगुरली नाही की दात दाखवले नाहीत. शेवटी तिनं नुसतं नाक त्याच्या छातीला लावून त्याला मागं ढकललं. भिकन बुडावर बसला आणि खुदकन हसला.

तानू उठलीच नाही. या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिच्याऐवजी दुसरं कुणीतरी जागं होतं. ती पडल्या पडल्या बघत राहिली आणि बघता बघता पुन्हा झोपली.

भोरी या घरी आली ती मोडक्या पायानं. साक्रीकडची ही गावं. कान नदीच्या काठची रानं. उन्हाळ्यात रानोरान फिरणाऱ्या मेंढपाळांच्या, ठेलाऱ्यांच्या, मेंढ्या शेतात बसवायच्या, लेंडीखताचं सोनं मातीला मिळवायचं, अशी रीत. यंदा वना ठेलाऱ्याचा कळप तानूच्या सासऱ्यांच्या, झुलाल आबांच्या, रानात बसला होता. कळप उठला त्या सकाळी तानूच्या नवऱ्यानं, अभिमननं, भरली गाडी मागं घेतली आणि चाकाखाली भोरीचा पाय आला. मेंढरू चाकाखाली जाऊ नये म्हणून ती मध्ये घुसली होती.

वनानं स्वतः बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला. मग आबांना म्हणाला, "आबा, हाई आते मेंढरांमागं चालनार नही. पाय तुम्हनी गाडीनं मोडा. आम्ही कुत्रं इकतस नही, मारतस बी नही. ठेवानी व्हई ते ठेवा, नही ते सोडी द्या."

आबांनी कुत्री ठेवून घेतली. नाही म्हणायला तोंडच नव्हतं. वना जाता जाता तानूकडे वळला. "वहिनी, एक सांगस. हाई बठी ऱ्हानारी जात नही. हिले काम देजा. नही दिधं ते ती सोता काम काढी."

खरं सांगायचं तर तानूलाही ती तेव्हा नको होती. दात असलेलं जनावर, घरात रांगतं पोर, आणि भाकरीला आणखी एक तोंड. पाय बसेपर्यंत बघू, एवढंच तिनं मनाशी ठरवलं होतं. त्या दुपारनंतर तिनं वेगळंच ठरवलं, पण ओठावर आणलं नाही. सुनांनी ठरवलेल्या गोष्टी आधी पुष्कळ दिवस पोटात मुरवाव्या लागतात.

सासूनं, ताईबाईनं, मात्र कुत्रीची जागा पाहिली आणि त्याच दिवशी नाक मुरडलं. "कुत्रं उंबरावर बठनं का लक्ष्मी दारतूनच फिरी जास."

"लक्ष्मीले वाट देस ती, आत्याबाई," तानू म्हणाली. "भिकनले तेवढी देत नही."

सासू पदर झटकून आत गेली. उत्तर चुकीचं नव्हतं, म्हणून जास्तच झोंबलं.

आखाडात कामट्या सुटल्या. पाय बसला, जरासा लंगडा राहिला, आणि वना ठेलाऱ्यानं सांगितलं होतं ते अक्षरशः खरं झालं. भोरीनं स्वतःच काम काढलं.

आधी वासरं. गोठ्यातली वासरं तिनं एका कोपऱ्यात अशी दाबून उभी केली की त्यांना हलता येईना. मग शेजारणीच्या कोंबड्या. त्या तिच्या परसातून आबांच्या अंगणात हाकून आणल्या आणि डोणीभोवती गोल बसवून ठेवल्या. एकीलाही दात लागला नव्हता, पण शेजारणीनं गल्ली डोक्यावर घेतली. मग गल्लीतली पोरं. शाळा सुटली की पोरं चार वाटांनी पांगायची, आणि पांगलेलं काही भोरीला बघवायचं नाही. ती लंगडत, पण वाऱ्यासारखी, त्यांना वळसा घालायची आणि सगळी फौज आबांच्या ओट्यापाशी गोळा करायची. पोरांना गंमत वाटायची. त्यांच्या आया मात्र पदर खोचून यायच्या.

एक दिवस पळणाऱ्या ठगूची टाच भोरीनं दातात धरली. रक्त नाही आलं. दोन दातांचे ठसे तेवढे उमटले. तानूनं त्यांना हळद लावली. उंबऱ्यावरची ती दुपार एका पारड्यात, हे दोन ठसे दुसऱ्या. चुलीपुढं बसून तिनं भोरीकडे नीट पाहिलं. जनावर ओट्यावर एका जागी ठरत नव्हतं. कान उभे, नजर रस्त्यावर, अंगाला सारखा बारीक कंप. तिला स्वतःचं पहिलं वर्ष आठवलं, माहेरी शेत राबलेली पोर इथं पाटलाची सून म्हणून माजघरात बसवली होती तेव्हाचं. तेव्हा तीही चावरी झाली होती. दात लागत नव्हते, एवढाच फरक.

मग झाली ती धोतराची गोष्ट.

श्रावणात घराण्याची देवी कानबाई बसवायची, तर तयारी ठरवायला भाऊबंद ओट्यावर जमले होते. आबांचे चुलतभाऊ तोताराम काका चहा पिऊन उठले आणि पायऱ्या उतरायला लागले. भोरीच्या हिशेबानं बैठक अजून मोडली नव्हती. ती आडवी आली. काकांनी काठी उगारली. भोरीनं काठीकडे लक्ष न देता त्यांच्या धोतराचा सोगा धरला आणि त्यांना अदबीनं, पण ठामपणे, पुन्हा जागेवर आणून बसवलं.

"हाई माले मेंढी समजस का?" तोताराम काका म्हणाले.

"मेंढी काबरं," अभिमन पुटपुटला, "बोकड समजनी व्हई."

भाऊबंद हसले. आबा हसले नाहीत. "कलेक्टर साहेब कुत्रं गादीवर बसाडस," ते म्हणाले. "आपले तसं परवडत नही. कानबाई बोळवी का अभिमन हिले ठेलारीस्ना वाडावर सोडी यी. तिनी जात तठे शे."

तानू दाराआड उभी होती. सासऱ्याशी सुनेनं थेट बोलायचं नाही हा या घराचा नेम. काही सांगायचंच असेल तर मध्ये ठगू. पाण्याचा तांब्या द्यावा तसे शब्द तिच्या हाती द्यायचे.

"ठगू," तानू दाराआडून म्हणाली, "आबास्ले सांग, लंगडा कुत्राले तठे कोनी भाकरी टाकाव नही."

ठगू पुढं झाली. "आबा, माय म्हनस, लंगडा कुत्राले तठे कोनी भाकरी टाकाव नही."

"तुन्ही मायले सांग," आबा दाराकडे न बघता म्हणाले, "सांगं ते सांगं."

ठगूनं वळून आईकडे पाहिलं. तानूनं मान हलवली. ऐकू आलं होतं.

रात्रीच्या भाकरी थापताना तिनं अभिमनपाशी विषय काढला. तो मांडी घालून बसला होता, मांडीवर भिकन.

"आबानं सांगं, मी काय करू?" तो म्हणाला.

"तुम्ही काही नका करा," तानू म्हणाली. "तेच ते करतस तुम्ही बठ्ठा दिवस."

तो हसला. त्याचा राग यायचा नाही, हीच त्याची अडचण होती. "पन तिले आवरशी कशी?" त्यानं विचारलं. "आज काका व्हता. उद्या तलाठी नही ते फौजदार उना म्हंजे?"

"वनाभाऊनं काय सांगं व्हतं? काम देजा." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मी देस तिले काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल आवरली, भिकनला झोळीत घालून पाठीशी बांधलं, ठगूचा हात धरला आणि तानूनं गोठ्याचं दार उघडलं. घरची वासरं आणि बकऱ्या पुढं, भोरी मागं, आणि पाटलाची सून डोक्यावर पदर घेऊन भर गल्लीतून गायरानाकडे निघाली.

ताईबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला. "कोठे चालनी?"

"चाराले, आत्याबाई."

"घरमा गडी मरी गया का?"

"गड्याले निंदनी शे. मना हात मोकळा शे."

हात मोकळा कधीच नव्हता. अंधारात उठून तिनं दळणही उरकलं होतं आणि पाणीही भरलं होतं, म्हणून आता कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. सासूनं जागा शोधली, सापडली नाही, तेव्हा तांदळातला खडा उचलून लांब भिरकावला.

विहिरीवर बाया होत्याच. "काय वं तानू," एकीनं घागर ओढता ओढता म्हटलं, "पाटीलनी सून ते ठेलारीन व्हई गई."

"व्हई गई," तानू म्हणाली. "तुन्या बकऱ्या बी दे मंग. चारी आनस."

बाई घागर विसरून बघत राहिली. मग बाकीच्या हसल्या, आणि त्या हसण्यात थोडं तिच्या बाजूचंही होतं.

गायरानावर पहिले दिवस फजितीचे गेले. ठेलाऱ्याची हाळी तानूला येईना. तिनं 'हो' म्हटलं की भोरी उजवीकडे धावायची, जिभेनं टाळा वाजवला की खाली बसायची, आणि तानूला नेमकं उलटं हवं असायचं. एकदा सगळी वासरं कुणाच्यातरी ज्वारीत घुसली आणि तानूला शिव्या खाव्या लागल्या. मग तिनं आपली भाषा सोडून कुत्रीची शिकायला घेतली. काय ऐकल्यावर ती काय करते ते बघायचं आणि ठगूला पाठ करून ठेवायला सांगायचं. मायलेकींनी मिळून तो सगळा पाढा बसवला. हळूहळू असं झालं की तानू बांधावर बसून भिकनला अंगावर घ्यायची, आणि समोर कळप शिवणीच्या धाग्यासारखा सरळ यायचा. ऊन ढगाआडून खाली यायचं, सह्याद्रीच्या बाजूनं वारा सुटायचा, भिकन पिता पिता झोपायचा. भोरी जीभ बाहेर काढून येऊन तिच्या पावलांना टेकायची आणि तिच्या अंगातला तो बारीक कंप गेलेला असायचा. लग्नानंतर तानूनं इतकं आभाळ एका जागी पाहिलं नव्हतं.

आठवडा गेला नाही तोच विहिरीवरच्या त्या बाईनं आपल्या बकऱ्या खरोखरच वाटेवर आणून उभ्या केल्या. दोरी तेवढी सोडली. मग शेजारीण आली, कोंबड्यांचं भांडण विसरून. पोरांच्या टाचांमागं लागणं भोरीनं सोडून दिलं; दिवसभर खरं काम करून आलेल्याला खोट्याची हौस राहत नाही. गाव तानूला आता ठेलारीनच म्हणायचं. ती हाक आली की ओ द्यायची.

एवढं झालं तरी आबांचा शब्द जागच्या जागी होता. सांगितलं ते सांगितलं. शब्द मागं घेतला तर भाऊबंदांत वजन काय राहील, हा त्यांचा पेच, आणि तो तानूला कळत होता. कळत होता म्हणून काही ती ऐकणार नव्हती.

"कानबाई बोळवी का सोमवारे सांजले गाडी जुपजो," आबांनी अभिमनला बजावून ठेवलं.

कानबाई आली. घर सारवलं, भिंती पोतारल्या, नारळाची कानबाई डोळे काढून, नथ घालून, चौरंगावर बसली. अभिमनची बहीण प्रमिला सासरहून आली. फुई आली म्हणून ठगू तिच्या लुगड्याला चिकटून फिरत होती. कानबाईच्या प्रसादाच्या जाड पोळ्या म्हणजे रोट; त्या रोटाचे गहू मोजायला ताईबाई स्वतः बसली. घराण्यातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू टाकायचे. आबांचे, काकांचे, अभिमनचे, असं करत भिकनचे. भिकनच्या वेळी सासूची मूठ जरा जड पडली, ती सगळ्यांनी पाहिली.

ठगू शेजारी बसून ऐकत होती. "मोठमाय, रोट कोनकोनले देतस?"

"आपला घरना बठ्ठास्ले. घरमा ऱ्हास त्याले रोट भेटालेच पाहिजे. एक बी भुका ऱ्हायना ते कानबाई रागे भरस." ताईबाई मुठी मोजत बोलत होती. "आनि बाहेरनाले कुटका बी नही. रोट घरनी शिव वलांडस नही. उष्टं बी आंगनमा गाडतस."

हे नेम या घरात तानूलाही असेच, याच आवाजात शिकवले गेले होते.

रविवारी पुरुषांची पंगत उठली. गंगाफळाची भाजी, खीर, जाड पिवळसर रोट. मग आत, दाराजवळ, बाया बसल्या. प्रमिलासाठी वेगळ्या चुलीवर साधी पोळी केली होती, आणि ती जरा बाजूला, भिंतीशी ताट घेऊन बसली होती. लेक दिली की ती दुसऱ्यांच्या रोटाची. इथला तिला चालत नाही. तिला त्याचं काही वाटत असेल तर चेहऱ्यावर नव्हतं. दर वर्षी ती तशीच बसायची.

पंगत अर्धी झाली आणि ताईबाई हात न धुता उठली. गोठ्याच्या कोपऱ्यात तिला काहीतरी दिसलं होतं. ती गेली आणि ठगूचं मनगट धरून तिला ओढत अंगणाच्या मधोमध घेऊन आली. मागून भोरी आली, तोंड चाटत. ठगूच्या दुसऱ्या हातात रोटाचा उरलेला तुकडा होता.

 ओट्यावर सुपारी कातरणारे तोताराम काकांचे हात थांबले.

"मोठमायनंच सांगं," ठगू रडायच्या बेतात म्हणाली. "घरमा ऱ्हास त्याले भेटालेच पाहिजे. भोरी भुकी व्हती."

"रोट बाटना," काका म्हणाले. "झुलाल, कानबाई चौरंगवर बठेल शे आनि कुत्रानी रोट खादा. आजच काढ तिले. सोमवारनी वाट नको देखू."

आबा उठले. मुलाकडे बघून नुसती मान हलवली. अभिमननं खुंटीवरची दोरी काढली आणि तो तसाच उभा राहिला, दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेत. "नदीपार सोडी ये," आबा म्हणाले.

तानू पानावरून उठली. उष्टा हात तसाच. तिनं सवयीनं तोंड उघडलं, "ठगू, आबास्ले..." आणि थांबली. ठगू सासूच्या मुठीत हमसून रडत होती. तिच्या हाती द्यायला आज शब्द नव्हते, आणि असते तरी तिच्यानं पोचवले गेले नसते.

तानू दाराआडून बाहेर आली. पदर डोक्यावर होता, तेवढा नेम तिनं ठेवला.

"आबा," ती म्हणाली.

या घरात आल्यापासून सासऱ्याला उद्देशून तिनं काढलेला हा पहिला शब्द. आबांनाही तो ओळखायला वेळ लागला.

"आबा, ह्या घरना रोट शिव वलांडस नही. मी उनू तव्हयपासून आयकस. उष्टं बी आंगनमा गाडतस. प्रमिलाबाई तुम्हना पोटनी पोर, ती पाहा भितले टेकीसन बठनी, तिना ताटमा कुटका नही. इतला कडक नेम. आते तो रोट भोरीना पोटमा शे. तुम्ही तिले नदीपार धाडशात, ते रोट नदीपार कोनी धाडा? ह्या पोरनी नही. मी बी नही. तुम्ही."

तोताराम काका ओट्यावरून खाली वाकले. "सून सासराशी तोंड चालाडस, झुलाल. देखी ऱ्हायना ना?"

"देखी ऱ्हायनात, काका," तानू म्हणाली, "तुम्हले दुसरी वाट दिसत व्हई ते सांगा. माले दोनच दिसतस. नेम शे तसं उष्टासंगे आंगनमा गाडा तिले, कानबाईसमोर. खड्डा तुम्ही खंदा, मी बाजूले सरकनार नही. नही ते घरना रोट घरमा ऱ्हाऊ द्या."

भोरी मधोमध बसली होती आणि सगळी माणसं एका जागी जमलेली पाहून तिला समाधान वाटत असावं. कानबाईच्या दिवशी जीव मारायचा, तोही रोट खाल्लेला. काकांनी सुपारी तोंडात टाकली आणि चावायची विसरले.

"कोनी शिकाडं तुले हाई?" आबांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

"आत्याबाईसनी," तानू म्हणाली. "ह्या घरना बठ्ठा नेम माले त्यास्नीच शिकाडात."

सगळे ताईबाईकडे बघायला लागले. तिच्या मुठीत अजून नातीचं मनगट होतं. नेम खोटा म्हणावा तर आयुष्यभर तोच पाळत आणि पाळवत आली होती. खरा म्हणावा तर सून जिंकत होती. तिनं कानबाईकडे पाहिलं. मग तिची मूठ सैल झाली.

"नेम तोच शे," ती म्हणाली. "रोट बाहेर जास नही." आणि नवऱ्याकडे वळून, जरा रागानंच, "मी काय करू? तुम्हना मायनी माले तसंच सांगेल शे."

"भले," काका म्हणाले. "म्हंजे पुढला साल कुत्रीना नावनी सव्वा मूठ गहू टाकशात का?"

"कसाले, काका?" तानूनं विचारलं. "आम्हना नावनी तरी कोठे मूठ पडस? आम्ही बी तशाच खातस."

पंगतीतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. कुणाचा तरी हुंदका वाटावा असं हसू फुटलं. प्रमिला हसली नाही. तिनं आपल्या ताटातली पोळी बोटानं मोडली आणि तशीच ठेवली.

आबांनी अभिमनच्या हातातली दोरी घेतली, गुंडाळली आणि पुन्हा खुंटीला लावली. "ठेव," ते म्हणाले. सुनेकडे न बघता, पण ठगूलाही मध्ये न घेता. "पन गायरानवर तूच जाशी. गाव काही बी म्हनो. मंग माले येईसन सांगू नको."

"जासू," तानू म्हणाली.  ती परत आपल्या पानावर जाऊन बसली आणि गार झालेला रोट शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला.

मंगळवारी प्रमिला सासरी निघाली. अभिमननं दमणी जुंपली, सासूनं ओटी भरली, आणि गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत तानू पोरांना घेऊन पोचवायला गेली. पुढं गायरानावर जायचंच होतं, म्हणून कळपही बरोबर होता.

बैलांनी नाल्यात पाय घातला आणि भोरी कळप सोडून सुटली. तिनं दमणीला वळसा घातला आणि बैलांपुढं आडवी उभी राहिली. अभिमननं हाकललं तर ती दुसऱ्या बाजूनं आली. फुई चार दिवस घरात होती. भोरीच्या लेखी ती कळपातली होती, आणि कळपातलं एकटं कुणी नदीकडे चाललेलं तिला खपणारं नव्हतं. तिनं दमणीतून लोंबणारा प्रमिलाच्या लुगड्याचा काठ हळूच दातात धरला आणि गावाकडे ओढायला लागली.

"सोड वं बाई," प्रमिला म्हणाली. ती हसत होती, आणि हसता हसता तिनं तोंड दुसरीकडे वळवलं. "मी आठेनी नही."

तानूनं जिभेनं टाळा वाजवला. भोरी बसली, पण लुगडं सोडायला तिला जरा वेळ लागला. दमणी नाला चढून पलीकडच्या वाटेला लागली. चाकांची धूळ बसेपर्यंत भोरी तिकडे बघत होती, आणि ठगूही, आईचं बोट धरून.

"माय," ठगू म्हणाली.

"काय वं?"

"फुई आबानी पोर शे, पन तिले रोट नही. भोरी बी ते पोरच शे, तिले दिधा, ते आते तिले कोनी काढाव नही." तिनं हे बोटांवर नीट मांडून पाहिलं, गायरानावर हाळ्यांचा पाढा मांडायची तसं. मग मान वर करून आईकडे बघितलं. "मना लगीन व्हई जाई ते मी आठेनी ऱ्हासु नही. तव्हय तू मनासाठी आबाशी भांडशी का, माय?"